दोऱ्याचं रीळ संपतं

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका दुपारी मी एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या.

शिवणकाम न येणाऱ्यांसाठी जरा सांगते. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची वरची गोलाई, पुढून जास्त खोल असतो, पाठीमागून कमी. कापड दुहेरी घालून कापलं की एक डावी, एक उजवी आपोआप निघते. पण काठाचा ब्लाउज असला की काठ नेमका दंडावर यावा म्हणून बाह्या सुट्या कापाव्या लागतात. मग दुसऱ्या बाहीला फर्मा, म्हणजे मापाचा कापलेला कागद, पालथा ठेवायचा. एवढंच. एकवीस वर्षं मी तो पालथा ठेवत आलेय, झोपेतही ठेवीन. त्या दिवशी नाही ठेवला. समोर दोऱ्याच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि त्यात काहीतरी चालू होतं.

कापड साडीतलंच होतं, म्हणजे दुसरं आणायची सोय नाही. साडी पैठणी, पण सेमी. असल हातमागाची असती तर बाही उलटी करून लावली असती, कारण तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. हिच्या मागून दोरे लोंबत होते. कात्री खाली ठेवली, दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून बघितल्या, त्या तंतोतंत जुळल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या जुळायला नको होत्या.

आणि तेवढ्यातही, हे लिहायला लाज वाटते, मी आधी अंगठ्यानं पुढचं रील सरकवलं. मग रडले.

ते रील कशाचं होतं, ते आज मला आठवत नाही. तेव्हाही आठवलं नसतं.

मी गंगाखेडची. जिल्हा परभणी. ("जगात जर्मनी, भारतात परभणी" हे बाहेरच्यांनी ऐकलेलं असतंच, त्यामुळे ते एकदाचं उरकून टाकते.) गाव गोदावरीच्या काठी, संत जनाबाईंचं. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. दुकान म्हणजे मोटर बसवलेली एक मशीन, एक इंटरलॉक, कापायचा टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले फर्मे. हे साखर कारखान्यावर वजनकाट्याला हंगामी आहेत. हंगाम संपला की घराचं बरंचसं माझ्या मशीनवर चालतं. पोरगी तेव्हा दहावीला. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुकानाच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची दखल घेणार.

रीळ आणि रील या शब्दांचा घोळ आमच्या घरात आत्याबाईंमुळे झाला. एकदा त्यांनी आतून विचारलं, "काय करायलीस गं?" मी म्हणलं, "रील बघायलेय." त्या म्हणाल्या, "सापडंना का? त्या निळ्या डब्यात बघ, काल तितंच ठिवलं होतंस." त्यांना वाटलं मी दोऱ्याचं रीळ हुडकायलेय. आम्ही मायलेकी खूप हसलो. ही गोष्ट मी कितीतरी गिऱ्हाइकांना विनोद म्हणून सांगितली. नंतर नंतर सांगेनाशी झाले.

हे लागलं कसं, याचा माग काढायला मला फार दिवस लागले, कारण माझं व्यसन कामाचे कपडे घालून आलं होतं. पत्ते खेळणारा माणूस पत्ते खेळतो हे सगळ्यांना दिसतं. मी "डिझाईन बघायलेय" असं म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकट नेट मिळायला लागलं, तसं यांनी सिम घेतलं. मला स्वतःचा मोबाईल मिळाला तो २०१८ ला. गिऱ्हाइकं मोबाईलमध्ये गळ्याचे फोटो घेऊन यायला लागली होती. मटका गळा, बोट नेक, मागे लटकन, मागे जाळी, बाहीला पफ. आपल्याला माहीत नसेल तर बाई दुसऱ्या टेलरकडे जाते. म्हणून मी बघायला बसले.

मग लॉकडाऊन लागलं. सुरुवातीला कापडी मास्क शिवले, एका दिवसात साठ-सत्तर. तेही थांबलं. त्या वर्षीची लग्नं दहा-वीस माणसांत झाली, ब्लाउज कोण शिवणार? मशीनवर फडकं टाकून मी पहिल्यांदा दिवसभर रिकामी बसले. टिकटॉक तेव्हा होतं. २९ जून २०२० ला सरकारनं त्यावर बंदी घातली आणि मला वाटलं, बरं झालं, सुटले. जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आलं. दहा दिवसही सुटका झाली नाही.

गिऱ्हाईक परत आलं तोवर माझ्या हाताला एक खोड लागली होती. ही खोड मला कुणी सांगितली नाही, मीच खूप उशिरा पकडली, आणि ज्यांचं काम हाताचं आहे त्यांनी स्वतःशी ताडून बघावी. शिवणकामात सतत छोट्या छोट्या फटी असतात. दोरा तुटला, सुई ओवायची. बॉबीन संपली, भरायची. इस्त्री तापायची आहे. लाईट गेली. पूर्वी या फटीत मी मान मोडायची, बाहेरच्या लिंबाकडे बघायची, आत्याबाईंशी दोन शब्द बोलायची. आता दोरा तुटला की हात सुईकडे जायच्या आधी मोबाईलकडे जायला लागला. बॉबीन भरायला मिनिटही लागत नाही. त्या मिनिटाची पंचवीस मिनिटं व्हायची. मशीनचा दिवा तसाच चालू, बॉबीन केव्हाची भरून गच्च झालेली.

पोरगी एकदा म्हणाली, "आई, तू हं म्हणतीस पण ऐकत नाहीस." मी म्हणलं, "ऐकतेय की." तिनं विचारलं, "मग मी आत्ता काय म्हणलं?" मी खरंच सांगू शकले नाही. ती काही बोलली नाही, दप्तर घेऊन आत गेली. तिच्या सराव परीक्षेचे मार्क सांगायला आली होती, हे मला रात्री यांच्याकडून कळलं.

आणि यांच्या तंबाखूवरून मी पंधरा वर्षं भांडत आलेय. एका रात्री साडेबाराला अंधारात माझ्या तोंडावर मोबाईलचा उजेड बघून हे उठून बसले. म्हणाले, "माझी पुडी खिशात असती, दिसती. तू शिव्या देतीस. तुझी पुडी उशाला असती ते?" मी म्हणलं, पुडीनं कॅन्सर होतो. ते म्हणाले, "बरं. झोप." पाठ करून झोपले. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

आता परत त्या बाह्यांकडे. एक बाही पुन्हा कापून लहान केली, काखेत कळी, म्हणजे जोडतुकडा, घातली, आणि काठ कसाबसा जागेवर आणला. नवरी घालून बघायला आली तेव्हा मी झालं ते सांगितलं. मोबाईलचं मात्र नाही सांगितलं, "चूक झाली" एवढंच. नवरी भली. "काखेत कोण बघतंय ताई," म्हणाली. तिची आई काही क्षण गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, "तुमच्या हातून असं?" मी शिलाई घेतली नाही. ती बाई पैसे टेबलावर ठेवून निघून गेली.

त्या रात्री मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. डिजिटल वेलबीइंग म्हणून एक पान असतं, दिवसात किती वेळ आणि कितीदा मोबाईल उघडला ते दाखवतं. सहा तास चाळीस मिनिटं. १४८ वेळा. साध्या ब्लाउजला मला दीड तास लागतो. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि पान बंद केलं.

मग या गोष्टीबद्दल वाचायला लागले. मोबाईलवरच, दुसरं कुठे वाचणार? इंटरनेटच्या व्यसनाला पहिल्यांदा आजाराचं नाव दिलं गेलं ते १९९५ मध्ये, आणि तेही थट्टेत. आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञानं गंमत म्हणून त्याची लक्षणं लिहिली, तर लोक खरोखरच "हे आम्हाला आहे" म्हणू लागले. नंतर किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते गांभीर्यानं घेतलं आणि १९९८ मध्ये वीस प्रश्नांची चाचणी तयार केली. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ बसता का, घरकाम मागे पडतं का, कुणी मध्ये बोललं तर चिडता का, असे प्रश्न. कमाल गुण १००. पन्नासच्या वर गेलात तर त्रास सुरू झालाय असं धरायचं, ऐंशीच्या वर म्हणजे फारच. मला ६८ पडले. शाळेत गणिताला कधी इतके पडले नव्हते.

एक गोष्ट तेव्हा कळली आणि आधी तिचा राग आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत इंटरनेटचं व्यसन असा वेगळा आजारच नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा आहे. म्हणजे मला जे झालंय त्याला धड नावही नाही? पण गेमिंगच्या आजाराच्या खुणा वाचल्या तेव्हा राग उतरला. खेळणं आवरता येत नाही. बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं. नुकसान दिसत असूनही चालूच राहतं. आणि हे साधारण वर्षभर टिकलेलं असतं. गेमच्या जागी रील घातलं की माझंच वर्णन. नाव नसलं म्हणून काय झालं, माप तर बसलं ना.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. त्यात स्किनर या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं होती, ती वीस वर्षांनी आठवली. टोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर पोटापुरतं टोचतं आणि थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला मिळाला, तर ते टोचतच राहतं. आमच्याकडे यात्रेत रिंग टाकायचा खेळ असतो, साबणाच्या वडीवर रिंग पडली की वडी तुमची. दर वेळी पडली असती तर माणूस दोन वड्या घेऊन घरी गेला असता. पडत नाही, मधूनच पडते, म्हणून खिसा रिकामा होईपर्यंत तो तिथं उभा असतो. रीलचंही तेच. दहा फालतू जातात आणि अकराव्याला असा काही गळा दिसतो की वाटतं, बघितलं नसतं तर हुकलं असतं. तो एक गळा मला पुढची पन्नास बघायला लावायचा.

दुसरी गोष्ट शेवटाची. कापडाच्या ताग्याला शेवट असतो, पेपरला शेवटचं पान असतं, मालिका साडेआठला संपते. दोऱ्याचं रीळ संपतं, आतली नळी दिसायला लागते, माणूस उठतो. मोबाईलवर पूर्वी पान संपायचं, पुढचं पान दाबावं लागायचं. हे संपणंच काढून टाकायची युक्ती, म्हणजे खाली सरकवत राहिलं की पुढचं येतच राहील अशी, आझा रॅस्किन या माणसानं २००६ मध्ये काढली. पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी स्वतःला आळशी, बेजबाबदार, घर बुडवी असं काय काय म्हणत होते. उठायची जागाच कुणीतरी काढून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं.

पण बरं वाटणं वेगळं आणि सुटणं वेगळं. पहिल्यांदा मी देवासमोर शपथ घेतली. गुरुवार होता. शनिवारी मोडली. मग ॲप काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी "फक्त एका गिऱ्हाइकाची डिझाईन बघायची" म्हणून परत घेतलं. मग मोबाईल यांच्याकडे दिला, तर दिवसातून आठ वेळा "जरा द्या की" म्हणून मागायला लागले. आठव्या वेळी हे म्हणाले, "मी आता तुपलं पुडीचं दुकान झालो का?" तेही बंद.

एका दुपारी, आत्याबाई मंदिरात गेल्या होत्या, मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस. मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं, जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठीच ती असेल आणि माझं ऐकून समोरचे हसतील. "ब्लाउज चुकला" हे कसं सांगायचं? समोर एक बाई होत्या. हसल्या नाहीत. बरंच ऐकून घेतलं आणि मग एकच गोष्ट सांगितली जी मला अजून पुरतेय. म्हणाल्या, "मोबाईल हातात घ्यायच्या आधीच्या मिनिटात काय होत असतं, ते बघा. मोबाईलमध्ये काय बघता ते सोडा." त्यांनी हेही सांगितलं की बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत, २०१४ पासून यासाठी खास क्लिनिक चालतं, त्यामुळे हे काही जगावेगळं नाही. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच मन लागेना, असं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, कारण कधी कधी उदासी आधी असते आणि मोबाईल तिच्यावर घातलेलं पांघरूण असतं.

आधीचं मिनिट. मी टेलरच्या खडूनं मशीनशेजारच्या भिंतीवर रेघ मारायला लागले. हात मोबाईलकडे गेला की एक रेघ, उचलला असो वा नसो. पहिल्या दिवशी ६३. आत्याबाईंनी विचारलं, "हे काय, दूधवाल्याचा हिशोब का?" मी हौ म्हणलं.

रेघांच्या शेजारी नंतर एकेक अक्षर लिहायला लागले. द म्हणजे दोरा तुटला. ब म्हणजे बॉबीन. ल म्हणजे लाईट. चार दिवसांत एक अक्षर असं निघालं जे मला लिहायचंच नव्हतं. भ. भ म्हणजे भीती. बाजारात रेडिमेड ब्लाउज आलेत, ताणणारं कापड, कुणालाही बसतं, शिलाईपेक्षा स्वस्त. मोंढ्याकडच्या दुकानात हँगरवर शंभर लटकलेले. एखादं गिऱ्हाईक नेहमीपेक्षा उशिरा आलं की माझ्या मनात तेच यायचं, आणि ते आलं की मी मोबाईल उचलायची. मोबाईलमध्ये काय बघायची? दुसऱ्या शिंपिणी. सुरतच्या, इंदूरच्या, लाखालाखानं लोक ज्यांना बघतात त्या. मग भीती आणखी वाढायची. मग आणखी बघायची. पोटात दुखतंय म्हणून परत तेच शिळं खायचं, असा प्रकार.

हे एकदा भिंतीवर लिहिलेलं दिसल्यावर काय करायचं ते जरा जरा सुचायला लागलं.

पहिलं म्हणजे मोबाईल देवळीत गेला. पुढच्या खोलीच्या भिंतीत जुनी देवळी आहे, पूर्वी दिवा ठेवायचे. चार्जरची वायर तिथंच ओढून घेतली. आवाज मोठा ठेवला, कारण गिऱ्हाइकाचा फोन चुकवून चालत नाही. मशीनवरून उठून चार पावलं जावं लागतं, बस. चार पावलांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण हात आपोआप जातो, पाय आपोआप जात नाहीत. उठताना माणसाला कळतं की आपण उठलोय. निम्म्या रेघा तिथंच गेल्या.

मग पडदा काळा-पांढरा केला. सेटिंगमध्ये सोय असते. हा उपाय माझ्यासारखीला जालीम. रंग गेला की साड्या, मेंदी, लग्नं, सगळं एकदम शिळ्या पेपरातल्या फोटोसारखं दिसतं. दहा मिनिटांत कंटाळा येतो. पण यातही एक फजिती झाली. एका बाईनं साडीचा फोटो पाठवला, मॅचिंग दोरा आणून ठेवा म्हणून. मी राखाडी फोटो बघून अंदाजानं राणी रंगाचा दोरा आणला. साडी हिरवी निघाली. तेव्हापासून साडी प्रत्यक्ष आणा म्हणते, आणि दोरा जुळवायचं काम आधीपेक्षा चांगलं व्हायला लागलंय, कारण फोटोतला रंग तसाही खोटाच असतो.

रात्रीसाठी आठवडी बाजारातून १८० रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं. "गजर लावायचाय" म्हणून मोबाईल उशाला यायचा, ती सबब गेली. पहिले पाच-सहा दिवस फार वाईट गेले. झोप येईना, उगाच चिडचिड, उजव्या हाताचा अंगठा अक्षरशः हलायचा. हे म्हणाले, "पुडी सोडल्यावर मला असंच होतं." त्यांनी पुडी कधी सोडली होती, हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, दोनदा, तुला न सांगता. अंधारात आम्ही त्यावर कितीतरी वेळ बोललो. लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या माणसाची ही गोष्ट मला ठाऊक नसावी!

डिझाईनसाठी दोनशे पानी वही केली. गिऱ्हाइकानं फोटो दाखवला की मी तो वहीत पेन्सिलीनं काढते, खाली माप आणि कापायची युक्ती लिहिते. पाहिजेच असेल तर दुपारी चार ते साडेचार मोबाईलवर शोधते, गजर लावून, उभ्यानं. बसून नाही. आता वहीत एकशे चाळीसच्या वर गळे झालेत. त्यातले नऊ माझे स्वतःचे, कुठं बघितलेले नाहीत. बॉबीन भरताना लिंबाच्या फांद्यांकडे बघत बसले होते, त्या फटीतून आकाशाचा जो आकार दिसत होता तो मागच्या गळ्याला घेतला. तो आता गल्लीत "लिंबाचा गळा" म्हणून चालतो.

मधे मी घसरले नाही असं नाही. माहेरी आई आजारी पडली, दवाखान्यात रात्रभर बसायचं, तेव्हा पंधरा दिवस सगळं पूर्वीसारखं झालं. रंगही परत आणला. घरी आल्यावर रेघा पुन्हा पन्नासच्या घरात. या वेळी शपथ घेतली नाही. मोबाईल देवळीत ठेवला, खडू हातात घेतला.

लोक मला सांगतात, ते सांगलीकडचं मोहित्यांचं वडगाव बघ, तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि सगळं गाव दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवतं. आपल्याकडं उमरग्याजवळच्या जकेकूरवाडीतही पोरांच्या अभ्यासासाठी असा भोंगा सुरू झाला होता. मला ते मनापासून आवडतं. एकट्यानं सोडण्यात एक लाजिरवाणेपणा असतो, सगळ्यांनी मिळून सोडलं की तो जातो. आमच्या गल्लीत मी विषय काढून बघितला. बायका म्हणाल्या, चांगलंय, पण सातला नको, मालिका असती. सहाला ठेवू म्हणलं तर एकीची भिशीची ऑनलाईन मीटिंग. शेवटी ठरलं की लाईट जाते तेव्हा मोबाईल बघायचा नाही. भारनियमनाचा मराठवाड्याला झालेला हा बहुधा पहिलाच फायदा. लाईट गेली की तीन-चार जणी माझ्या ओट्यावर येतात. एक हुक लावून देते, एक काजं करते, आत्याबाई जात्यावरच्या ओव्या म्हणतात. त्यांना शंभरेक तरी येतात, हे मला या घरात येऊन एवढी वर्षं झाल्यावर कळलं. पोरगी आता बारावीला आहे. ती वहीत उतरवून घेतेय. मोबाईलवर रेकॉर्ड कर म्हणलं तर म्हणाली, "नको, रेकॉर्ड केलं की परत कुणी ऐकत नाही."

मागच्या महिन्यात ती पैठणीवाली आली. डोहाळेजेवणाचा ब्लाउज शिवायचा होता. हिरवा. मी माप घ्यायला टेप काढली, ती हात वर करून उभी राहिली, आणि काखेकडे बघून दोघींनाही एकदम हसू आलं. मग मी तिला सांगितलं, त्या दिवशी मोबाईल चालू होता म्हणून. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं ताई. मी कापड द्यायला आले तेव्हाबी तुम्ही माझ्याकडं बघितलंच नव्हतं." बाहीचं माप लिहिताना मी दोनदा खोडलं.

तिच्या बाह्या काल कापल्या. दुसऱ्या बाहीला फर्मा पालथा घातला, हात लावून खात्री केली, परत एकदा केली, मग कात्री घातली.

हे सगळं मी आधी वहीत लिहिलंय, गळ्यांच्या मागच्या पानांवर. भिंतीवर काल अकरा रेघा होत्या. आज आत्तापर्यंत चार आहेत, दोन द, एक ल, एक भ. पाचवी आताच मारून ठेवते, कारण हे तुमच्यापर्यंत पोचवायचं तर मोबाईल देवळीतून काढावाच लागणार. चार वाजायला अजून वीस मिनिटं आहेत. तोवर एक बॉबीन भरून होईल.